खाजणाचा बांध आणि गांवकरी

गोमंतकाच्या नद्यांच्या कांठीं, भरतीच्या पातळीहून खालीं असलेली सुमारें १७ ते १८ हजार हेक्टर जमीन मातीच्या बांधांच्या आधारानें शतकानुशतकें लागवडीस राहिली आहे. या जमिनीस खाजण म्हणतात. बांध शाबूत आहे तोंवर तेथें भात पिकतें; बांध फुटला कीं पुढच्या भरतीबरोबर नदी शेतांत शिरते. समुद्राची पातळी जगभर चढत आहे व तिच्यापुढें किनाऱ्यावरील गांवांनीं कसें टिकावें याच्या योजना हल्लीं ठिकठिकाणीं आंखल्या जात आहेत. ज्या लोकांनीं निदान तेराशें-चौदाशें वर्षें हाच प्रश्न रोज सोडविला, त्यांच्या व्यवस्थेचा इतिहास या प्रसंगीं तपासून पाहणें अगत्याचें आहे.

प्रस्तुत लेखांत जें प्रतिपादन करावयाचें तें थोडक्यांत असें : खाजण टिकलें तें केवळ बांधणीच्या कौशल्यानें टिकलें नाहीं. बांध फुटल्यास नुकसान कोणाचें, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि पाण्याचें दार उघडण्या-मिटण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांचें उत्तर जोंपर्यंत बहुतांशीं एकच होतें, तोंपर्यंत बांध उभा राहिला. तीं उत्तरें वेगळालीं झालीं तसतसा बांध खचूं लागला.

१. भूमीचें स्वरूप

गोमंतकांतील शेतजमीन पाण्याच्या संबंधानें तीन प्रकारची मानितात. डोंगरउताराची उंच जमीन ती मोरोड, तिच्याखालची रेताड मधली जमीन ती खेर, आणि नदीलगतची खारट चिकणमातीची सखल जमीन ती खाजण. खाजणें मुख्यतः तिसवाडी, बारदेश, साष्टी व फोंडे या महालांत, मांडवी व जुवारी या नद्यांच्या आणि त्यांस जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्याच्या कांठीं आहेत. या दोन नद्यांचीं पात्रें इतकीं सपाट आहेत कीं भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारें ५० किलोमीटर आंत जाणवतो. दिवसांतून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. उधाणाच्या वेळीं दोहोंमधील अंतर सुमारें दोन मीटर भरतें. पाऊस वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

यामुळें खाजणाच्या शेतकऱ्याची गांठ दोन पाण्यांशीं असते. बाहेरचें खारें पाणी आंत येऊं द्यावयाचें नाहीं, आणि डोंगरावरून उतरून आंत सांचलेलें गोडें पाणी वेळच्या वेळीं बाहेर घालवावयाचें. केवळ उंच भिंत बांधून भागलें असतें तर खाजणाचा इतिहास फार सोपा झाला असता. भिंतीस दार ठेवावें लागतें, आणि दार आलें म्हणजे दाराचा अधिकारी आला.

२. प्राचीन पुरावा

खाजण शब्दाचा जुन्यांतला जुना लेखी पुरावा फोंडे महालांतील बांदिवडें येथें सांपडलेल्या ताम्रपटांत आहे. हा ताम्रपट कोंकणच्या मौर्य घराण्यांतील अनिर्जितवर्मा याचा असून लिपीवरून तो इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतील ठरतो. त्यांत एका ब्राह्मणास दिलेल्या जमिनीचें वर्णन करितांना 'खज्जन' हा शब्द येतो, आणि ती जमीन रान तोडून व समुद्राचें खारें पाणी अडवून लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. अर्थात् त्या काळीं खाजण ही परिचित वस्तु होती. तीस नांव होतें आणि ती निर्माण करण्याची रीत ठरलेली होती.

दुसरा महत्त्वाचा पुरावा पोर्तुगीज अमलाच्या आरंभींचा. अफोंसु मेशीय यानें इ. स. १५२६ च्या सप्टेंबरांत तिसवाडींतील गांवकरांच्या चालीरीतींचा जो फोराल नांवाचा लेख तयार केला, त्यांत गांवकरीच्या उत्पत्तीविषयीं एक परंपरा नोंदली आहे : पूर्वीं चार पुरुषांनीं एक ओसाड बेट लागवडीस आणिलें, तेथें वस्ती वाढली, व त्यांच्या वंशजांस गांवकर हें नांव मिळालें. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु गांवकरांचा हक्क पडीक भूमि उपयोगांत आणण्याच्या श्रमांतून निघाला, ही जाणीव सोळाव्या शतकांतहि जिवंत होती एवढें तीवरून खास दिसतें. त्याच लेखाप्रमाणें सरकारचा सारा गांवावर एकत्र होता. पीक कमी आलें तरी तो भरण्याची जबाबदारी गांवाची, आणि तूट-वाढ गांवकरांनीं आपसांत सोसावयाची. ज्या गांवाचें अर्धेंअधिक भात खाजणांत पिके त्या गांवास या कलमाचा अर्थ उघड होता : बांध गेला तर सारा चुकणार नाहीं.

या संस्थांचा अभ्यास पुढें अनेकांनीं केला आहे. फिलिप नेरी शाविएर यांचा गांवकऱ्यांवरील पोर्तुगीज ग्रंथ इ. स. १८५२ चा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थांवर इ. स. १९४७ मध्यें निबंध लिहिला. आणि रुई गोमिश पेरैर यांचें गांवकरीवरील पुस्तक इ. स. १९८१ मध्यें निघालें. या अभ्यासांचा रोख बहुधा जमीनधारा, हक्क व वंश यांकडे आहे. पाण्याच्या अंगानें त्याच साधनांकडे पाहण्यास अजून पुष्कळ जागा आहे.

३. बांध, मानस आणि पोंय

खाजणाचा बाहेरचा बांध नदीच्या चिकणमातीचा असतो. मातींत पेंढा व काटक्या घालून ती थरांनीं चढवितात, आणि लाटेचा मार लागतो तेथें बाहेरून जांभ्या दगडाचें अस्तर देतात. बांधाच्या नदीकडील बाजूस तिवरांची झाडी राखतात. तिच्या मुळ्या लाटेचा जोर मोडतात व गाळ धरून ठेवितात. आंतल्या बाजूस लहान बांध असतात, म्हणजे एक ठिकाण फुटलें तरी सगळें खाजण एकदम बुडत नाहीं.

बाहेरच्या बांधांत योग्य ठिकाणीं लांकडी झडपांचें दार बसविलेलें असतें, त्यास मानस म्हणतात. त्याची युक्ति साधी पण मार्मिक आहे. भरती चढूं लागली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबानें झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागून बाहेरची पातळी आंतल्यापेक्षां उतरली म्हणजे आंतल्या पाण्याच्या दाबानें त्या उघडतात. मानसाच्या आंत पोंय असते. पोंय म्हणजे खाजणांतील सर्वांत सखल, पाणी सांचविण्याची जागा. पावसाळ्यांत मानस मिटलेलें असतां शेतांवरचें पाणी तींत उतरतें, आणि ओहोटीची वाट पाहतें.

पहिल्या पावसांनीं जमिनींतलें मीठ धुऊन गेलें म्हणजे पेरणी होते. कोरगुट, असगो यांसारख्या खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती या जमिनीसाठींच निवडून राखलेल्या आहेत. पीक निघाल्यावर खारें पाणी मर्यादेनें आंत घेतात. त्याबरोबर मासळी व सुंगटें येतात, पोंयींत वाढतात, आणि ओहोटीच्या वेळीं मानसाशीं जाळें लावून धरतात. कांहीं ठिकाणीं खाजणाच्या एका भागांत मिठागरेंहि असतात. अशा रीतीनें एकाच भूमींतून भात, मासळी व मीठ हीं तीन उत्पन्नें निघत. मात्र तीं परस्परांच्या मर्यादेंत राहिलीं तरच. भाताला मानस मिटलेलें हवें, मासळीला उघडें हवें. आणि या दोहोंचा निवाडा रोज करावा लागतो.

४. बांधाचा कारभार

जुन्या काबिजादींतील बहुतेक खाजणें गांवकरीच्या मालकीचीं होतीं. शेतें ठराविक मुदतीनें पावणी करून, म्हणजे लिलावानें, कसणारांस दिलीं जात. मानसाच्या मासळीचीहि पावणी होई. या उत्पन्नांतून आधीं सरकारचा सारा व गांवाचे ठरलेले खर्च काढीत, त्यांत बांध व मानस यांची दुरुस्ती येई, आणि जें उरे तें जोण म्हणून हक्कदारांत वाटलें जाई. या क्रमाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. वांटणी शेवटीं, बांध आधीं. बांधाकडे दुर्लक्ष केल्यास पुढच्या वर्षाची जोण घटे, आणि ती सर्वांचीच घटे.

गांवकरीच्या जोडीला कसणारांचा स्वतंत्र संघ असे, त्यास भौस म्हणत. एका बांधानें राखलेल्या जमिनीवर जे शेती करीत ते सारे त्याचे घटक. बांधाची राखण, नेहमींची डागडुजी, मानस वेळच्या वेळीं उघडणें-मिटणें हें काम भौसाचें. खर्चाचा वांटा जमिनीच्या मानानें. अकस्मात् खिंडार पडलें तर हातांतलें काम टाकून बांधावर धांवणें हें प्रत्येकाचें कर्तव्य होतें. त्याचें कारण व्यवहारी आहे. बांध बहुधा लहान कारणानें जातो. खेकडा बीळ पाडतो, त्यांतून पाणी झिरपतें, दोन भरत्यांत भोंक हातभर होतें, आणि उधाणास खिंडार पडतें. पहिल्या दिवशीं चार टोपल्या माती पुरते, आठव्या दिवशीं होड्या भरभरून माती आणावी लागते. आणि शेतांत एकदां खारें पाणी मुरलें म्हणजे तें मीठ धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे जातात. म्हणून बांधाचें खरें रक्षण बांधावर रोज चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत होतें.

ही जाणीव लोकाचारांतहि उतरली आहे. फोंडे महालांत बोरीच्या परिसरांतील खाजणकांठचे लोक पौष अमावास्येस चिखलाची मगर घडवून तिची पूजा करितात. या विधीस माणगें थापणी म्हणतात. ज्या मातीनें बांध घालावयाचा त्याच मातीची मूर्ति, आणि ज्या पाण्यानें बांध फुटावयाचा त्या पाण्यांतील प्राणी ही देवता : खाजणाचा सगळा व्यवहार या विधींत एकवटलेला आहे.

तथापि या व्यवस्थेचें गुणगान करितांना तिची दुसरी बाजू झांकूं नये. गांवकरी ही मूळ कुळांच्या पुरुष वंशजांची संस्था होती. खाजणांत गुडघाभर चिखलांत राबणाऱ्या पुष्कळांस तिच्या सभेंत आवाज नव्हता, स्त्रियांस नव्हताच. जोण खाणारा एक व माती वाहणारा दुसरा, असें अनेक गांवीं होतें. हा अन्याय पुढें जी मोड झाली तिच्या कारणांपैकीं एक आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

५. व्यवस्थेची मोड

मोड एका दिवसांत झाली नाहीं. पोर्तुगीज सरकारनें गांवकऱ्यांवर क्रमाक्रमानें आपली देखरेख वाढविली, इ. स. १९०४ च्या आणि पुढें इ. स. १९६१ च्या संहितेनें त्यांचा कारभार सरकारी प्रशासकांच्या नजरेखालीं बांधून टाकिला. सभेचा निर्णय व बांधावरचें काम यांच्यामध्यें कचेरी आली. खेकड्याचें बीळ मात्र मंजुरीसाठीं थांबत नाहीं.

इ. स. १९६१ च्या डिसेंबरांत गोमंतक मुक्त झाल्यावर इ. स. १९६४ चा कूळकायदा आला. त्यानें कुळास संरक्षण दिलें व खंडास मर्यादा घातली, इ. स. १९७६ च्या पांचव्या दुरुस्तीनें कसणारा जमिनीचा मालक झाला. न्यायाच्या दृष्टीनें हें अवश्य होतें, व त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. परंतु शेत एकेकाच्या नांवें चढलें तसा बांध कोणाच्याच नांवें चढला नाहीं. गांवकरीचें पावणीचें उत्पन्न गेलें, त्याबरोबर तिची ऐपत व आस्थाहि गेली. बांधाची सामायिक जबाबदारी पार पाडण्यासाठीं इ. स. १९७५ च्या नियमांनीं कुळांचे संघ स्थापण्यांत आले व दुरुस्तीस सरकारी मदतीची तजवीज झाली. नांवानें हे संघ भौसाचे वारस. पण भौसाच्या मागें जी शिस्त, जी भीति व जी रोजची राखण होती ती नियमानें निर्माण होत नाहीं.

इतक्यांत अर्थव्यवहारहि बदलला. भाताचा नफा घटला, तरुण मंडळी नोकरीस व परदेशीं गेलीं, आणि मानसाच्या मासळीची किंमत वाढत गेली. ज्याच्या हातीं मानसाची पावणी गेली त्याला पाणी आंत असलेलें हवें, आणि ज्याचें शेत त्याला तें बाहेर हवें. दोघांचा निवाडा करणारी बलवान् सभा उरली नाहीं. कोठें मासळीसाठीं मानस उघडें राहूं लागलें, कोठें बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. लोहखनिजानें भरलेल्या बार्जींच्या लाटांनीं मांडवी-जुवारीचे बांध झिजले. बुडालेल्या शेतांत तिवरें उगवलीं. तिवरांस कायद्याचें संरक्षण असल्यानें तें शेत पुन्हां लागवडीस आणणेंहि अवघड झालें. बांधाबाहेरचें जें झाड बांधाचा रक्षक, तेंच आंत शिरल्यावर शेताचा शेवट ठरतें, हा प्रकार विचार करण्यासारखा आहे.

६. चढता समुद्र

आतां या खचलेल्या व्यवस्थेवर नवा भार येत आहे. हवामानबदलाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या इ. स. २०२१ च्या अहवालाप्रमाणें इ. स. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं चढली, इ. स. २००६ पासून २०१८ पर्यंत ती वर्षास सुमारें ३·७ मिलिमीटर या वेगानें चढत होती. इ. स. २१०० पर्यंतची वाढ, उष्णताजनक वायूंचें उत्सर्जन फार कमी झाल्यास २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि फार वाढल्यास ६३ सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत होण्याचा संभव त्यांत वर्तविला आहे.

हे आंकडे ऐकून कोणीहि म्हणेल कीं बांध हातभर उंच करावा. खाजणाची रचना ज्यानें समजून घेतली आहे त्यास मात्र खरी अडचण दुसरीकडे दिसेल. मानस उघडतें तें बाहेरची पातळी आंतल्यापेक्षां खालीं असेल तेवढाच वेळ. समुद्र चढला म्हणजे ओहोटीची पातळीहि चढते, आणि प्रत्येक ओहोटींत मानस उघडें राहण्याचा अवधि कमी होतो. भांगाच्या दिवसांत, जेव्हां भरती-ओहोटीमधील अंतर मुळांतच थोडें असतें, तेव्हां तर आंतलें पाणी उतरण्यास वाव फारच थोडा राहील. त्यांत मोठा पाऊस व भरती एकत्र आलीं म्हणजे बाहेरून थेंब न येतां खाजण आंतल्याच पाण्यानें बुडेल. बांध उंच केल्यानें हें टळत नाहीं. त्यासाठीं पोंय खोल व मोकळी पाहिजे, आंतले ओहोळ उपसलेले पाहिजेत, मानसांची संख्या व रुंदी वाढली पाहिजे. म्हणजे पाण्यास जागा दिली पाहिजे. आणि नेमकी हीच जागा भराव घालून रस्ते व इमारती यांखालीं जात आहे.

याचा परिणाम शेतकऱ्यापुरता राहणार नाहीं. पणजी शहराचा बराच भाग अशाच सखल जमिनींत भराव घालून वसलेला आहे, इ. स. १६३३-३४ मध्यें लिन्यारिश या व्हाइसरॉयनें पणजी-रायबंदर यांमधला जो लांब सेतु बांधला तो दलदल व मिठागरें यांमधूनच गेला. सभोंवतालचीं खाजणें पावसाचें पाणी कांहीं प्रहर धरून ठेवितात म्हणून शहराच्या वांट्यास कमी येतें. इ. स. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ गोमंतकाच्या किनाऱ्याजवळून गेलें तेव्हां वाऱ्यापावसाचा तडाखा सर्वांस बसला. अशा प्रसंगीं खाजणाचा बांध हा शहराचाहि बांध असतो, मग त्याचा खर्च शेतकऱ्यानें एकट्यानें कां सोसावा, हा प्रश्न जुन्या व्यवस्थेपुढें नव्हता. आज तो टाळतां येणार नाहीं.

७. योजनेस इतिहासाचा उपयोग

इ. स. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेंत गोमंतकाच्या खाजणांचा खास उल्लेख असून त्यांचे नकाशे करून संरक्षण व व्यवस्थापनाची योजना आंखावी असें सांगितलें आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरहि हाच प्रश्न खारजमिनींच्या रूपानें आहे. कुलाबा जिल्ह्यांत, विशेषतः पेणच्या बाजूस, शिलोत्री नांवाच्या पद्धतींत खारीचे बाहेरचे बांध राखण्याबद्दल शिलोत्रीदारास बिघ्यास एक मण भात मिळे. बांधाचा खर्च तेथेंहि पिकांतूनच आधीं काढलेला होता. पुढें इ. स. १९४८ च्या व १९७९ च्या कायद्यांनीं हें काम सरकारी यंत्रणेकडे आलें. दोन्ही प्रदेशांचा अनुभव एकत्र वाचल्यास योजना करणारांपुढें पुढील गोष्टी ठेवितां येतात.

पहिली, योजनेचा घटक सर्व्हे नंबर किंवा ग्रामपंचायतीची हद्द हा नसावा. एका बांधानें राखलेलें व एका पोंयींत उतरणारें क्षेत्र हा असावा. भौसाची सीमा हीच होती, आणि पाण्याची सीमाहि हीच आहे. दुसरी, मानसाच्या मासळीचें उत्पन्न प्रथम बांधाकडे गेलें पाहिजे, आणि पावणी घेणाऱ्यानें दार केव्हां मिटावें हें शेतकऱ्यांच्या सभेनें ठरविलें पाहिजे. तिसरी, बांधाच्या रोजच्या राखणीस पगारी माणूस असावा. पांच वर्षांनीं होणाऱ्या मोठ्या ठेक्याच्या कामापेक्षां त्याचा उपयोग अधिक. मऊ चिखलावर घातलेली जड चिऱ्याची भिंत खचते, व ती खचली हें प्रथम तोच सांगतो. चवथी, सभेंत जुन्या गांवकरीनें ज्यांस बाहेर ठेविलें ते सर्व पाहिजेत : कूळ, मजूर, मासे धरणारे, स्त्रिया, आणि ज्या शहराचें रक्षण होतें तें शहरहि. पांचवी, सर्व खाजणें राखतां येणार नाहींत. कोणतें राखावें व कोणतें तिवरांस व पाण्यास सोडावें हें गांवानें विचारपूर्वक आधीं ठरविलें तर ती योजना. तें उधाणानें ठरविलें तर तो घात.

शेवटीं संशोधकांस एक सूचना. गोमंतकाच्या पुराभिलेखागारांत गांवकऱ्यांचे जुने दप्तर आहे. त्यांतील सतराव्या शतकापासूनचे कांहीं कागद गोंयकानडी लिपींत आहेत, पुढचे पोर्तुगीजांत. आजवर हे कागद हक्क, वंश व धर्मांतर यांच्या इतिहासासाठीं वाचले गेले. त्यांतील जमाखर्चाकडे आतां बांधाच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे : कोणत्या वर्षीं कोणत्या ठिकाणीं खिंडार पडलें, माती कोठून आणिली, खर्च किती व कोणीं दिला, शेत किती वर्षांनीं पुन्हां पिकलें. बांध पुनः पुन्हां जेथें फुटला ती जागा आजहि दुबळी असण्याचा संभव आहे. गोंयकानडी वाचणारे फार थोडे उरले आहेत, आणि समुद्र कोणासाठीं थांबणारा नाहीं. म्हणून हें काम तूर्त हातीं घेण्यासारखें आहे.